बैठकीच्या भिंतीवर लावायचे काशीच्या घाटाचे जुने छायाचित्र

वर्धातीर

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातील आमच्या जुन्या घराची दुरुस्ती आता आटोपत आली आहे. कवेलू उतरवून पुन्हा शाकारले, सागवानी खांबांना तेलपाणी झाले आणि बैठकीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती पोतेरा करून चुन्याने रंगवल्या. बैठकीत मोठ्या आकाराचे एखादे चित्र लावावे असे घरातील सर्वांचे मत आहे, आणि ते कोणते असावे यावरून मात्र रोज जेवताना वाद होतो आहे.

माळ्यावरील सामान काढताना एक जुनी तसबीर निघाली. पणजोबा काशीयात्रेहून परतले तेव्हा गंगाजळाच्या गडूसोबत हे छायाचित्र घेऊन आले होते आणि मावंद्याच्या (यात्रेनंतर घरी घातलेल्या जेवणाच्या) दिवशी ते पाटावर मांडले होते, असे आजी सांगत असे. चित्र फुलस्केप कागदाहून थोडे लहान आणि तपकिरी आहे. डाव्या बाजूला पायऱ्या आणि त्यांच्यावर उंच दगडी इमारती आहेत, उजवीकडे नदी आहे, दूरवर दोन बारीक उंच मनोरे दिसतात, आणि काठाला होड्या व वेताच्या छत्र्या आहेत. खालची पट्टी फ्रेम बसवताना कापली गेली असावी, त्यामुळे मजकूर काहीच उरलेला नाही. एका कोपऱ्यात कागद काचेला चिकटला आहे आणि पाठीमागच्या फळीला वाळवी लागून गेली आहे.

मुलाचे म्हणणे असे की, ही तसबीर पुन्हा माळ्यावर ठेवावी आणि ऑनलाइन मिळणारे 'विंटेज बनारस' या नावाचे चार फुटी कॅनव्हास मागवावे. माझा ओढा घरच्या छायाचित्राची मोठी प्रत काढण्याकडे आहे. वहिनींचा प्रश्न वेगळाच आहे: ज्या काठावर चिता जळतात त्या काठाचे चित्र पाहुण्यांच्या बैठकीत लावावे का? जाणकारांनी तिन्ही गोष्टींवर आपले मत द्यावे, ही विनंती. भिंती दोन आहेत. एक पश्चिमेची, बाहेरच्या अंगाची, पूर्ण रिकामी. दुसरी बैठक आणि माजघर यांच्यामधली, जिच्यावर सध्या वाडवडिलांच्या तसबिरी आहेत.

काचचौकट

बाकीच्या चर्चेआधी एक सूचना तातडीने देतो. चिकटलेला कोपरा काचेपासून सोडवण्याचा प्रयत्न करू नका. ओले फडके, वाफ, पात्याचे टोक यांपैकी काहीही लावले की कागदावरचा चित्राचा थर काचेला राहतो आणि हातात कोरा कागद येतो. मागची वाळवीची फळी तेवढी हलक्या हाताने काढा, भुसा मऊ कोरड्या ब्रशने झाडा आणि चित्र काचेसकट कोरड्या जागी आडवे ठेवा. प्रत काढायची असेल तर काचेतूनच काढता येते. ते कसे, हे सवडीने लिहितो.

अंधारखोली

आपण केलेल्या वर्णनात दोन मनोरे आहेत, आणि सर्वांत मोलाचा धागा तोच आहे. काशीच्या पंचगंगा घाटावर औरंगजेबाच्या काळात बांधलेली आलमगीर मशीद आहे. तिचे दोन अतिशय उंच मिनार पूर्वी संपूर्ण नदीकाठावर उठून दिसत आणि लोक त्यांना 'माधोराय का धरहरा' म्हणत. १९४८ मध्ये त्यांपैकी एक मिनार कोसळला आणि दुसराही पुढे उतरवून घेण्यात आला. म्हणून ज्या छायाचित्रात दोन्ही मिनार उभे आहेत ते १९४८ पूर्वी टिपलेले आहे, इतके कागदाला हात न लावताही सांगता येते.

छायाचित्र कोणत्या वर्षानंतरचे, ही दुसरी सीमा काढण्यासाठी क्षितिजाकडे पाहावे. गंगेवरील राजघाटाचा रेल्वेपूल, ज्याला पूर्वी डफरिन पूल आणि आता मालवीय पूल म्हणतात, १८८७ मध्ये सुरू झाला. मिनारांच्या पलीकडे, नदीच्या उजव्या अंगाला जाळीसारखी आडवी रेघ दिसते का, ते भिंगातून पाहावे. दिसली तर छायाचित्र पुलानंतरचे ठरते. न दिसली म्हणजे ते त्याआधीचेच, असे मात्र म्हणता येत नाही, कारण धुक्यात आणि लांबच्या अंतरावर पूल सहज हरवतो.

यानंतर कागद पाहावा. काशीची सर्वांत प्रसिद्ध जुनी छायाचित्रे सॅम्युअल बोर्न यांची आहेत. ते १८६३ ते १८७० या काळात भारतात होते आणि त्यांच्या नावाची बोर्न अँड शेफर्ड ही कोलकात्याची पेढी २०१६ पर्यंत चालू होती. त्यांच्या काळात ओल्या कलोडियनच्या काचा वापरत असत. काचेवर द्रव पसरायचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा आणि लगेच तंबूतल्या अंधारात धुवायचा, अशी ती पद्धत होती. प्रकाश कित्येक सेकंद घ्यावा लागे. म्हणून त्या चित्रांत गंगेचे पाणी लाटांशिवाय गुळगुळीत दिसते आणि पायऱ्यांवर हलणारी माणसे पुसट डागांसारखी उरतात. त्या काचांना निळा प्रकाश फार लवकर लागत असल्यामुळे आकाश बहुतेक वेळा कोरे पांढरे येई. अशा काचांवरून अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या अल्ब्युमिन कागदावर प्रती काढत. तो कागद इतका पातळ असतो की तो पुठ्ठ्यावर चिकटवलेलाच सापडतो. त्याचे उजळ भाग पिवळे पडतात आणि पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चिरा दिसतात.

पुढे जिलेटिनचा कागद आला. त्याची ओळख अशी की, चित्र तिरपे धरून पाहिल्यास गडद भागांवर, विशेषतः कडांना, चांदीसारखी निळसर झाक दिसते. तिसरी शक्यता छापील चित्राची. कापडवाले सूत मोजायला जे भिंग वापरतात त्याने पाहिल्यास त्यात ठिपक्यांची जाळी दिसते.

तेव्हा आपण पुढील गोष्टी सांगाव्यात: झाक आहे की चिरा, ठिपके आहेत का, आणि पाणी गुळगुळीत आहे की लाटांचे.

वणीकर गृहस्थ

आपल्या वहिनींची शंका मला रास्त वाटते. मणिकर्णिका घाटावरील चिता विझत नाहीत, असे म्हणतात. ज्या घाटाकडे माणूस अखेरचा प्रवास म्हणून पाहतो, त्याचे चित्र हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या डोक्यावर टांगणे मला पटत नाही. हौसेला मोल नाही हे मान्य, परंतु घर म्हणजे संग्रहालय नव्हे. गंगेचे चित्र हवेच असेल तर हरिद्वारची हर की पौडी लावावी, किंवा आपल्याच गोदावरीचे नाशिकचे रामकुंड लावावे.

पवनीकर

रामकुंडावर अस्थिविसर्जन होतेच आणि हर की पौडीवरही होते. ज्या काठाला आपण पवित्र मानतो तेथे स्नान, श्राद्ध, मुंज आणि अंत्यविधी शेजारी शेजारी चालतात. आमच्या पवनीच्या घाटांवरही ते चालतात आणि त्याच पायऱ्यांवर पोरे पोहायला शिकतात. ज्या चित्रात प्रत्यक्ष चिता दिसत असेल ते बैठकीत नको, एवढे मी मान्य करतो. परदेशी छायाचित्रकारांना त्या दृश्याचे फार आकर्षण होते आणि 'बर्निंग घाट' या नावाने अशी चित्रे खूप विकली गेली. मात्र संपूर्ण काशी त्या एका घाटात बसवणे योग्य नाही.

माझा मूळ मुद्दा निराळा आहे. विदर्भातील घरात काशीच का हवी? वर्धातीर, तुमच्या नदीवरच कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून त्याची ख्याती आहे, तेथून आषाढीला रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते आणि कार्तिकात यात्रा भरते. घुग्घुसजवळ वढ्याला वर्धा आणि पैनगंगा यांचा संगम आहे आणि कार्तिकी एकादशीला तेथे लोटणारी गर्दी पाहून लोक त्याला विदर्भाची पंढरी म्हणतात. आमच्या पवनीला वैनगंगेवर वैजेश्वराचे मंदिर आणि दगडी घाट आहेत. गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले, आणि पुढे पाणी अडू लागल्यावर पात्राचे जुने रूप राहिले नाही. धरणापूर्वीचे वैनगंगेचे एखादे छायाचित्र कोणाच्या घरी असेल, तर ते काशीच्या हजारो प्रतींपेक्षा भिंतीवर लावण्यास अधिक योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. काशी कोठेही विकत मिळते.

चामोर्शीकर

पवनीकरांच्या म्हणण्याला जोड देतो. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, आणि काशीलाही गंगा उत्तरवाहिनी आहे. त्यामुळे आमच्याकडे मार्कंड्याला विदर्भाची काशी म्हणतात आणि महाशिवरात्रीला जत्रा भरते. येथील मंदिरसमूहाचे वर्णन अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या एकोणिसाव्या शतकातील पुरातत्त्व अहवालांत आहे, आणि त्या काळापासून पुरातत्त्व विभागाने येथील छायाचित्रे घेतली आहेत. अडचण अशी की त्या छायाचित्रांचा सारा रोख शिल्पांवर आणि शिखरांवर आहे. मोजमापासाठी घेतलेली ही चित्रे असल्यामुळे नदी त्यांत असलीच तर कडेला असते. भिंतीवर लावण्याजोगा, माणसांनी भरलेला वैनगंगेचा काठ त्यांत शोधावा लागतो. आमच्या नद्यांच्या नशिबी व्यापारी छायाचित्रकार आले नाहीत. ते काशी, हरिद्वार, नाशिक येथे गेले, कारण प्रती विकत घेणारा प्रवासी तेथे होता.

वर्धातीर

सर्वांचे आभार. दुपारी उजेडात तसबीर नीट पाहिली. ठिपके नाहीत. गडद भागांवर, विशेषतः पायऱ्यांच्या सावलीत आणि वरच्या कडेला, तिरप्या प्रकाशात चांदीची झाक स्पष्ट दिसते. पाण्यावर बारीक लाटा आहेत आणि एका होडीतील माणसाच्या हातातील वल्हेसुद्धा ठळक आले आहे. मिनारांच्या उजवीकडे, अगदी टोकाला, एक आडवी फिकट रेघ आहे आणि तिला ठरावीक अंतरावर पाय आहेत. तो पूल असावा असे मला आणि मुलालाही वाटते. आता मुलाला या तसबिरीत रस वाटू लागला आहे, हे जाता जाता नोंदवतो. चिता कोठेही दिसत नाही.

पवनीकर, आपला मुद्दा पटतो. परंतु कौंडण्यपूरचे जुने छायाचित्र आमच्या माहितीत कोणाकडेही नाही, आणि ही तसबीर तर पणजोबांनी स्वतः आणलेली आहे.

अंधारखोली

म्हणजे हे जिलेटिनचे छायाचित्र आहे, पुलानंतरचे आहे आणि १९४८ पूर्वीचे आहे. यात्रेकरूंना विकण्यासाठी स्थानिक स्टुडिओ अशा प्रती काढत असत. बोर्न यांचे ते नाही, म्हणून त्याचे मोल कमी समजू नये. पेढ्यांच्या प्रती साहेबलोकांच्या आल्बमांत गेल्या. विदर्भातील एका शेतकरी घराने विकत घेऊन मावंद्याला पाटावर मांडलेली प्रत सहसा आल्बमात सापडत नाही.

आता एक गोष्ट पाहा. काशीला गंगा उत्तरेकडे वाहते आणि सारे घाट पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून आहेत. आपल्या चित्रात घाट डावीकडे आणि नदी उजवीकडे आहे, म्हणजे छायाचित्रकाराचे तोंड उत्तरेकडे होते. मिनार दूर आहेत, म्हणजे तो पंचगंगेच्या बराच दक्षिणेला, बहुधा मणिकर्णिकेच्या जवळपास होडीत किंवा काठावर होता. पायऱ्यांवर ऊन पडले असेल तर वेळ सकाळची, कारण दुपार उलटली की इमारतींच्या तोंडावर सावली येते.

मणिकर्णिका आणि पंचगंगा यांच्यामध्ये जे घाट लागतात त्यांपैकी एक भोसले घाट आहे. नागपूरकर भोसल्यांनी तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला आणि त्यावर लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे. त्याची खूण सोपी आहे: किल्ल्याच्या तटासारखी उंच, सपाट, जवळजवळ बंद दगडी भिंत आणि अगदी वरच्या भागात लहान खिडक्यांची ओळ. खालच्या भागात खिडक्या नाहीत, कारण पावसाळ्यात गंगा तेथवर चढते. आपल्या चित्रात तशी भिंत आहे का, ते पाहावे. आजचे छायाचित्र शेजारी ठेवून दगडांचे थर, कोपरे आणि खिडक्यांची संख्या ताडून पाहावी, केवळ 'सारखे दिसते' यावर थांबू नये. त्या भागात उंच दगडी भिंती बऱ्याच आहेत.

काशीच्या घाटांवर मराठी हात जागोजागी आहे. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधले. शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांचा, आणि त्याच्या पायथ्याशी कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आहे. अमृतराव पेशव्यांनीही घाट बांधले. दशाश्वमेधाच्या दक्षिणेचा मुनशी घाट नागपूर दरबारातील श्रीधर नारायण मुनशी यांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्यालगतचा भाग पुढे दरभंग्याच्या महाराजांकडे गेला. पवनीकरांनी विचारले की विदर्भात काशी का हवी. एक कारण हे आहे की त्या काठाचे काही दगड नागपूरच्या तिजोरीतून बसवले गेले.

पवनीकर

हे मला ठाऊक नव्हते आणि वाचून आनंद झाला. तरीही तिजोरी नागपूरची असली, तरी तिच्यात भरणा आमच्या वैनगंगेकाठच्या धानाचा होता, तेवढे लक्षात असू द्यावे.

वर्धातीर

भिंत सापडली. डाव्या बाजूला, शिखरांच्या एका घोळक्यानंतर, वरच्या भागात खिडक्यांची ओळ असलेली ती उंच भिंत आहे. आजच्या तीन-चार छायाचित्रांशी मुलाने संगणकावर ताडून पाहिली. खिडक्यांची ओळ, कोपऱ्याचा बुरूज आणि शेजारच्या पायऱ्यांचा उतार जुळतो. वहिनींचाही सूर आता बदलला आहे. "भोसल्यांचा घाट असेल तर लावा," असे त्या म्हणाल्या.

आता प्रश्न प्रतीचा. किती मोठी काढता येईल?

छपाईघर

तयार कॅनव्हासबद्दल आधी लिहितो, कारण ते छापून देणे हाच आमचा व्यवसाय आहे आणि गिऱ्हाइके ती चित्रे रोज घेऊन येतात. 'विंटेज' म्हणून विकले जाणारे निम्मा माल ताज्या रंगीत छायाचित्रांना तपकिरी रंग चढवून केलेला असतो. दोन मिनार नाहीत, होडीला मोटार बसवली आहे, घाटावर विजेचे झोत आहेत, तरीही चित्र 'शंभर वर्षांपूर्वीचे'. दुसरा दोष अधिक वाईट: सोफ्याच्या बाजूला शोभावे म्हणून चित्र आरशासारखे उलटे छापतात. वर सांगितलेली खूण येथे कामी येते. समोर मणिकर्णिका, दूर पंचगंगा आणि घाट उजव्या हाताला असतील, तर ते चित्र उलटे आहे आणि त्यात गंगा दक्षिणेकडे वाहते आहे. पैसे देऊन हे घरात आणू नये.

आता आपली प्रत. कागद काचेला चिकटला असल्यामुळे स्कॅनरवर ठेवू नका. चांगला कॅमेरा तिवईवर समांतर बसवा, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत दोन सारखे दिवे लावा, खोलीत अंधार करा आणि कॅमेऱ्यामागे काळे कापड धरा, म्हणजे काचेत प्रतिबिंब येणार नाही. एकाच चौकटीत सगळे घेण्याऐवजी भाग भाग घेऊन जोडले तर तपशील दुपटीने मिळतो.

छपाईचा हिशेब असा आहे. हातात धरून पाहायच्या चित्राला इंचाला ३०० ठिपके लागतात. भिंतीवरील, सहा-सात फुटांवरून पाहायच्या चित्राला १५० पुरतात. म्हणजे ३६ बाय २४ इंचांच्या प्रतीसाठी ५४०० बाय ३६०० पिक्सेल हवेत. आपला मूळ कागद फुलस्केपच्या आसपास आहे आणि चित्र छापील ठिपक्यांच्या जाळीचे नाही, त्यामुळे तीन फुटांपर्यंत जायला हरकत नाही. त्यापुढे होडीतला माणूस डाग होईल. फ्लेक्सवर छापू नका. उन्हाळ्यात त्याला वास येतो, ते सैल पडते आणि घरात निवडणूक लागल्यासारखे दिसते. सुती कागदावर पिगमेंट शाईने, मॅट पृष्ठभागावर छापून घ्या.

धुळवड

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने चित्र रंगीत करून का घेत नाही? आमच्या गावातील एका घरी आजोबांचे छायाचित्र तसे केले, फार जिवंत दिसते.

अंधारखोली

आजोबांच्या सदऱ्याचा रंग घरातील कोणी तरी आठवून सांगू शकतो. शंभर वर्षांपूर्वीच्या छत्रीचा, धोतराच्या काठाचा आणि आषाढातील की माघातील गंगेच्या पाण्याचा रंग साधन अंदाजाने भरते. तेवढ्यावर भागले तरी चालले असते, परंतु ही साधने तपशील 'सुधारताना' खिडक्या वाढवतात, पुसट माणसांना नवे चेहरे देतात आणि पुलाची रेघ पुसूनही टाकतात. ज्या खिडक्या मोजून घाट ओळखला, त्याच बदलल्या तर मग काय राहिले? डाग आणि सुरकुत्या हाताने साफ कराव्यात, उजेड-अंधार सारखा करावा, आणि तेथे थांबावे. पायऱ्यांच्या सावलीतील चांदीची झाक कॅमेऱ्यात निळसर येते, तेवढी काळ्यात मिसळून घ्यावी.

प्रताधिकाराची कोणाला शंका असल्यास: भारतीय कायद्यानुसार छायाचित्राचा हक्क २०१२ पर्यंत प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहत असे; त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. १९४८ पूर्वी विकलेल्या प्रतीचा हक्क त्या दुरुस्तीआधीच संपला, म्हणून तो प्रश्न उरत नाही. अन्य कोणाला बोर्न यांच्या काळातील चित्र हवे असल्यास गेटी म्युझियम, रायक्सम्युझियम आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकाराच्या फाइली मोफत उतरवता येतात. चोरट्या दुकानातून लहान फाइल ताणून छापण्यापेक्षा ते कधीही चांगले.

काचचौकट

आता भिंतीविषयी. पश्चिमेची भिंत नको. बाहेरच्या अंगाने तिच्यावर दुपारभर ऊन असते, नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) पारा ४५ च्या वर जातो आणि मातीची जाड भिंत ती उष्णता रात्रीपर्यंत सोडत राहते. त्याच भिंतीच्या पायथ्याला पावसाळ्यात ओल चढते. कागद उन्हाळ्यात आकसतो, पावसाळ्यात फुगतो, आणि चार वर्षांत त्याला लाटा येतात.

परंतु विदर्भातील घरात चित्राचा खरा शत्रू कूलर आहे. मार्च ते जून खिडकीतील कूलर बैठकीत थेट ओलसर हवा फेकतो. ती हवा थेट तसबिरीवर येत असेल, तर काचेच्या आतून दमट थर धरतो आणि कागद काचेला चिकटतो. आपल्या जुन्या तसबिरीचा कोपरा याच तऱ्हेच्या ओलीने, बहुधा गळक्या छपरामुळे, चिकटला असणार. म्हणून मधली, माजघराकडची भिंत घ्या आणि कूलरच्या झोताच्या रेषेत जागा निवडू नका. वाडवडिलांच्या तसबिरी शेजारी सरकवाव्या लागतील. त्या खाली उतरवून इतरत्र नेऊ नयेत, त्याच भिंतीवर एका ओळीत घ्याव्यात, म्हणजे घरात कोणाचे मन दुखावणार नाही.

फ्रेम करताना कागद आणि काच यांच्यामध्ये आम्लरहित माउंटाची जाड चौकट घाला, म्हणजे दोहोंचा स्पर्श होणार नाही. मागे हार्डबोर्ड किंवा साधा प्लाय लावू नका; आमच्या भागातील वाळवीला ते जेवणाचे ताटच. पातळ ॲल्युमिनियम-प्लास्टिकचा पत्रा मिळतो, तो लावा. मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि तसबीर यांच्यामध्ये बोटभर हवा खेळेल. तालुक्याचा फ्रेमवाला हे जास्तीचे काम म्हणून टाळेल. समोर बसून करून घ्या.

वणीकर गृहस्थ

माझा आक्षेप चितेच्या दृश्याला होता आणि ते चित्रात नाही, त्यामुळे मी तो मागे घेतो. तरीही देवघराच्या समोरासमोर लावू नये, असे सुचवतो.

वर्धातीर

देवघर माजघरात, भिंतीच्या पलीकडे आहे, त्यामुळे समोरासमोर येण्याचा प्रश्न नाही.

आमचे ठरले ते असे. मूळ तसबीर काचेसकट, मागची फळी बदलून, कपाटात आडवी ठेवणार. तिची तीन फुटी प्रत मधल्या भिंतीवर, तपकिरी रंगातच. प्रतीखाली अंधारखोली यांनी सांगितलेली माहिती एका ओळीत छापून घेणार: पंचगंगेकडे पाहताना काशीचा काठ, डावीकडे भोसले घाट, १८८७ ते १९४८ दरम्यान. मुलाने कॅनव्हासची मागणी रद्द केली आहे. पवनीकर, कार्तिकात मुलगा कौंडण्यपूरला यात्रेच्या दिवशी नदीचे छायाचित्र घेणार आहे; तेही त्याच भिंतीवर, त्याच आकारात लावण्याचा विचार आहे.

एक अडचण शिल्लक आहे. मातीच्या भिंतीत साधा खिळा धरत नाही आणि काचेसह तसबिरीचे वजन सात-आठ किलो होईल. ड्रिलने प्लास्टिकचा गुल्ला घातला तर माती भुसभुशीत होऊन गळते.

काचचौकट

मातीत गुल्ला घालू नका. त्या भिंतीच्या दोन टोकांना सागवानी खांब असतील, किंवा वरून तुळई गेली असेल. तुळईला दोन आकडे मारून तेथून पितळी साखळी किंवा जाड तार सोडा आणि तसबीर टांगा. सारे वजन लाकडावर येईल आणि भिंतीला केवळ टेकण मिळेल. तुळई झाकलेली असेल तर दोन खांबांच्या मध्ये सागाची पट्टी आडवी ठोकून घ्या. वाडवडिलांच्या तसबिरींसाठीही तीच पट्टी चालेल. साखळीची लांबी ठरवताना चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली घ्या, कारण बैठकीत लोक गादीवर बसून पाहणार आहेत.

पवनीकर

कार्तिकातील छायाचित्र सकाळी लवकर घ्यावे. कौंडण्यपूर वर्धेच्या पश्चिम काठावर आहे, त्यामुळे काशीप्रमाणेच तेथील पायऱ्यांवर सकाळचेच ऊन येते, आणि गर्दी वाढली की मोबाइल उंचावलेल्या हातांशिवाय काही दिसत नाही. मुलाने ते येथे अवश्य टाकावे.